तीन महिने बोलायचं नाही

गेवराई
२० ऑगस्ट २०२४

ती. मावशीस नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुझ्या कानांनी राजीनामा दिल्यापासून तुला फोन करायचा म्हणजे आधी विजयमालावहिनीला सांगायचं, मग वहिनीने तुझ्या कानाशी ओरडायचं आणि मग अख्ख्या पाटोद्याने ऐकायचं. आजची गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून वहीची पानं फाडून बसले आहे.

मावशी, मला दिवस गेलेत.

पाच वर्षं झाली लग्नाला. बीडचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, सासूबाईंचे चकलांब्याहून येणारे अंगारे झाले. आता सगळं सोडून दिलं होतं तर हे. दोनदा तपासलं. इथल्या डॉक्टरबाईंना दाखवलं, सहावा आठवडा आहे म्हणाल्या. जड उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही म्हणाल्या. मी हो म्हणाले. माझं काम काय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यांना सांगितलं तेव्हा हे दुधाची गाडी धूत होते. पाण्याचा पाइप हातात धरून रडायला लागले. सगळं अंगण भिजवलं.

आई असती तर तिला आधी सांगितलं असतं. ती नाही, तर तूच. मला वाढवलंस तूच, आता हेही निस्तर.

एक विचारायचंय. मार्टमध्ये सांगू का? तुला माहीतच आहे, मी गेल्या दिवाळीपासून तिथे बिलिंगला आहे. चार काउंटर आहेत, माझा तीन नंबरचा. सकाळी साडेनऊ ते रात्री आठ. काउंटरला खुर्ची नाही. आमचे मॅनेजर रामेश्वर सर म्हणतात, "बसल्यावर हात चालत न्हाईत मॅडम." लघवीला जायचं तरी बदली माणूस मागावा लागतो, तो आला की मग जायचं. मागच्या वर्षी एका मुलीला दिवस गेले होते, ती यायची बंद झाली. तिनेच सोडलं असं सर म्हणतात. दोन नंबरवर संगीता आहे, तिच्याशी माझं चांगलं जमतं. निदान तिला तरी सांगू का?

लवकर लिही.

तुझी,
वैष्णवी

•

पाटोदा
२६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

अगं ए वैष्णवे! तुझं पत्र वाचून मी गॅसवरचं दूध उतू घातलं. सूनबाईने विचारलं काय झालं, तर म्हटलं डोळ्यात धूर गेला. गॅसवर कसला धूर, पण तिने मान हलवली. म्हातारीचं काहीही चालतं.

तुझी आई वरून बघत असेल. आणि मी इथून बघते आहे, ते जास्त कडक बघणं आहे हे लक्षात ठेव.

आता नीट ऐक. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही. मार्टमध्ये नाही, शेजारी नाही, त्या संगीताला तर नाहीच नाही. चकलांब्याला तुझ्या सासूबाईंनाही इतक्यात कळवू नकोस. चतुराबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. भारतरावांनाही बजाव, दुधाच्या गाडीबरोबर बातमी वाटत फिरू नका म्हणावं.

तुला माझा हा स्वभाव जुनाट वाटेल. वाटू दे. पाच वर्षांनी आलेलं सुख आहे, त्याला कुणाची नजर लागायला नको. लोक तोंडावर गोड बोलतात. पोटात काय असतं ते त्यांचं त्यांना माहीत.

मळमळलं तर पित्त झालंय म्हण. पित्त हे फार सोयीचं दुखणं आहे, त्याला कुणी पुढचं विचारत नाही. सकाळी उठल्या उठल्या कोरडी भाकरी चाव. पपई बघूसुद्धा नकोस. खिशात फुटाणे ठेव. उभं राहून पाय दुखले तर एक पाय खोक्यावर टेकव, मग दुसरा.

घट बसतील तेव्हा तीन महिने पुरे होतात. तेवढी कळ काढ. मग मी स्वतः पेढे घेऊन तुझ्या त्या मार्टात येते.

तुझी मावशी,
सरस्वती

•

गेवराई
२ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

कुणाला बोलले नाही. पण मावशी, गप्प बसायला एवढे कष्ट पडतात हे मला माहीत नव्हतं.

परवा अगरबत्तीच्या वासाने काउंटरवरच उमासा आला. तोंडावर ओढणी धरून गिळला. समोरची बाई म्हणाली, "ताई, माझ्या साबणाला वास मारतो काय?" मी म्हटलं पित्त झालंय. तिने लगेच मला कोकमाचा उपाय सांगितला. तुझं पित्त खरंच कामाचं आहे.

आता खरी अडचण सांगते. बिल करायची दोन यंत्रं असतात. एक हातात धरायचं, वायरचं. ते घेऊन वाकलं की ट्रॉलीतल्या ट्रॉलीत तांदळाचा कट्टा दाखवता येतो. दुसरं काउंटरच्या काचेखाली बसवलेलं. त्याच्यावर माल आणून फिरवावा लागतो. माझं हातातलं गेल्या महिन्यापासून बंद आहे. बीडहून माणूस येणार, येणार म्हणतात. तोवर मी कट्टे उचलून काचेवर आणते. पंचवीस किलोचा तांदूळ, दहा किलोचा आटा, पंधरा लिटरचा तेलाचा डबा. गिऱ्हाईक बरं असेल तर हात लावतो, नाहीतर फोनवर बोलत उभा असतो. आणि छापलेल्या रेघा नेमक्या कट्ट्याच्या बुडाला असतात, म्हणजे उचलून वर पालथा पण करायचा.

संगीताचं हातातलं यंत्र चालू आहे. तिला नुसतं सांगितलं तर ती काउंटर बदलून घेईल. पण कारण विचारेल. पाठ दुखते म्हटलं होतं, तर ती म्हणाली, "सगळ्यांचीच दुखती गं, माजी काय सोन्याची हाय?"

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या. तो आठवडा कसा असतो ते मला दिवाळीत कळलंय. फक्त संगीताला सांगू का? तिची नजर वाईट नाही, मावशी. तिला स्वतःला एक मुलगी आहे. मी तिच्याकडून शपथ घेते. तू हो म्हणालीस तर लगेच सांगेन.

वैष्णवी

•

पाटोदा
५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस आशीर्वाद.

नाही.

एकदा नाही म्हटलं की नाही. तुझी संगीता देवमाणूस असेल, पण ती घरी जाऊन नवऱ्याला सांगेल, नवरा आईला, आणि आई नळावर. शपथा गावात दोन रुपयांना चार मिळतात.

मी एवढी का अडते ते तुला आज सांगते, आजवर कुणी तुला सांगितलं नसेल. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसरा महिना लागला न लागला, मी विहिरीवर सांगून मोकळी झाले. सगळ्या बायांनी माझ्या तोंडात साखर घातली. आणि पंधरा दिवसांत गेलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, नजर लागली, जिभेला हाड नसलं की असंच होतं. त्यानंतर मला सहा वर्षं काही राहिलं नाही. तुझा दादा झाला तो सहा वर्षांनी, आणि त्याचं मी पाचव्या महिन्यापर्यंत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तुला त्यातून जायला लावायचं नाही मला. म्हणून हे हट्टाने सांगते.

कट्टे उचलताना गुडघ्यात वाकून उचल, कमरेत नको. पोटाला कापडी पट्टा बांध, सैलसर. गिऱ्हाइकाला गोड बोलून उचलायला लाव, तुला ते जमतं. आणि महिन्याचाच तर प्रश्न आहे. तेवढा काढ.

माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

मावशी

•

गेवराई
१९ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. महालक्ष्म्यांची गर्दी होती. इकडे सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस. कुणालाही बोलले नाही.

वैष्णवी

•

पाटोदा
२५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तारेच्या काळात लोक यापेक्षा मोठी तार करायचे. पण असू दे, दमत असशील. या दिवसांत लिहायचासुद्धा कंटाळा येतो. मला तर बोलायचाही यायचा, आणि मी काय बोलणारी बाई ते तू जाणतेस.

बोलली नाहीस, शहाणी माझी बाई. आता मोजून आठ दिवसांवर घट आले. माझ्या जिवावरचं ओझं उतरत चाललंय.

आमच्या वत्सलाबाईंची लेक गेवराईला दिली आहे. वत्सलाबाई मंगळवारी तिकडे येणार आहेत. त्यांच्याबरोबर एक पुडकं पाठवते आहे. त्यांना सांगितलंय की साडीला फॉल लावून दिलाय. आत काय आहे ते तूच उघड. चोरचोळी आहे. तिसऱ्या महिन्यात आईने लेकीला गुपचूप घालायची असते, तुझी आई नाही म्हणून मी. हिरवी आहे, खणाची. काठ मी हाताने शिवलाय, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी शिवलाय, टाके वाकडे असतील तर हसू नकोस. देवासमोर बसून घाल आणि भारतरावांना दाखव.

घट उठले की मी येते. चार दिवस राहीन. पंचवीस पेढे लागतील का तुमच्या मार्टाला की जास्त? लिही.

मावशी

•

गेवराई
२ ऑक्टोबर २०२४

मावशी,

पुडकं काल मिळालं. वत्सलाबाई दारात उभ्या होत्या, मला जरा बारीक झालीस म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मी तुला खोटं लिहिलं होतं. पेढे आणू नकोस. तसं काही राहिलेलं नाही.

महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या रविवारी झालं. आठ सप्टेंबरला. त्या दिवशी रांग पार दरवाजापर्यंत होती. पहिल्या दीड तासात मी किती कट्टे उचलले ते मला माहीत नाही. अकराच्या पुढे कंबर धरली. मी सरांकडे बदली माणूस मागितला. सर म्हणाले, "मॅडम, पाच मिनटं. लाइन बघा की." मी पित्त झालंय म्हणाले. तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्यांनी सोडलं असतं बहुतेक. पण तुझी शपथ होती, आणि मला वाटलं, आजवर ठेवलंय तर आता कशाला मोडायचं. पाऊण तास गेला. एका जोडप्याचं बिल चालू होतं. तांदळाचे दोन कट्टे, तेलाचा डबा. दुसरा कट्टा पालथा घातला तेव्हाच मला कळलं. पायावरून ओल उतरली.

मी ते बिल पुरं केलं, मावशी. मोबाइल नंबर विचारला. पिशवी हवी का विचारलं. परत या म्हणाले. मला अजून कळत नाही की मी ते का केलं. मग काउंटरवरची 'बंद'ची पाटी फिरवली आणि चालत गेले.

संगीताने रिक्षात घातलं. दवाखान्यात माझा हात धरून बसली होती. हे येईपर्यंत तिने मला काही विचारलं नाही. हे आल्यावर तिला कळलं, तेव्हा ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, "येकदा बोलली असतीस तर काउंटर बदलला नसता का मी? कावून न्हाई बोललीस? तोंड शिवलं व्हतं का तुजं?" मी काय सांगणार? माझ्या मावशीने शिवलं होतं म्हणून?

डॉक्टरबाई म्हणाल्या की पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळ जणींचं होतं, उचलल्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. स्वतःला लावून घेऊ नका. त्या भल्या आहेत. पण मी कट्टे उचलले हे तर खरं आहे.

सासूबाईंना काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे गेलं हेही सांगता आलं नाही. महालक्ष्म्यांना मी चकलांब्याला गेले नाही म्हणून त्या रुसल्या आहेत. हे माझ्यासमोर हसतात आणि गाडीत बसून रडतात. दहा दिवसांनी मी कामावर गेले. दुसऱ्याच दिवशी बीडचा माणूस आला आणि हातातलं यंत्र दुरुस्त करून गेला. वायर तुटली होती. दहा मिनिटांचं काम होतं.

मी तुझ्यावर चिडले आहे. लपवत नाही. आई असती तर तिने काय सांगितलं असतं याचा सारखा विचार करते.

चोळी पेटीच्या तळाशी ठेवली आहे. टाके वाकडे नव्हते.

वैष्णवी

•

पाटोदा
२८ ऑक्टोबर २०२४

वैष्णवी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसले आणि रोज उठले. सूनबाईला वाटतंय मला ताप आहे.

तू चिडलीस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर पत्रसुद्धा लिहिलं नसतं.

मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली. काय केलं तीस वर्षं? दारोदार फिरून सांगितलं, बाई, दिवस गेले की पहिल्यांदा नाव नोंदव. लपवू नकोस. सासवा आडव्या यायच्या, तीन महिने बोलायचं नसतं म्हणायच्या. मी त्यांच्याशी उभं भांडण करायची. एकीला मी चारचौघांत म्हणाले होते, "तुमच्या नजरेला घाबरून पोरीचं रक्त वाढणार हाय का?" दगडाबाई नावाची सासू होती, तिने माझ्या अंगावर झाडू उगारला, तरी मी तिच्या सुनेचं नाव लिहून घेतलं. लोक मला मानायचे त्यासाठी. ज्या बाईने पाटोद्याच्या बायांना बोलायला लावलं तिने आपल्या लेकीला गप्प बसवलं. दुसऱ्याच्या लेकीचं होतं तेव्हा मला सगळं कळत होतं. माझ्या लेकीचं आलं आणि मी विहिरीवरची अडाणी बाई झाले.

तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं असतं, तर संगीताने काउंटर बदलला असता. तू मला दोनदा विचारलंस. मी ते पत्र परत परत वाचते. 'तू हो म्हणालीस तर लगेच सांगेन' असं तू लिहिलंयस.

माफी मागू का? मागून काय होणार आहे, पण मागते.

दिवाळीला बोलावत नाही. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये.

मावशी

•

गेवराई
२२ जानेवारी २०२५

ती. मावशीस नमस्कार.

तीन महिने तुझ्या पत्राचं उत्तर लिहिलं नाही. दिवाळी, तुळशीचं लग्न, संक्रांत सगळं गेलं. तुझं पत्र मात्र मी जपून ठेवलं. तुझ्यावरचा राग निम्मा गेलाय. उरलेला राहू दे, तो हळूहळू जाईल.

आज लिहायला बसले कारण एक झालंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

डिसेंबरात संगीता वेगळी वागायला लागली. सकाळच्या दोन तासांत तीनदा बदली माणूस मागायची. एक पाय खोक्यावर ठेवून उभी राहायची. एकदा अगरबत्तीचा पुडा बिलाला आला तर तिने तोंड फिरवलं. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काय न्हाई, पित्त झालंय."

मावशी, पित्त हा शब्द ऐकला आणि मी काय ते ओळखलं.

तिला परत एकटीला गाठून विचारलं. आधी नाही म्हणाली, मग कबूल झाली. दुसरा महिना संपत आला होता. म्हणाली, "कुणाला बोलू नगस. सासू म्हंती तीन महिने जाऊ दे. आन हितं कळलं तर मला काढत्याल. नवरा कंपनीतून घरी बसलाय, माज्याच पगारावर चालतंय समदं." मी तिला काउंटर बदलून घे म्हटलं. पण हातातलं यंत्र तिच्याकडेही चालू आहेच, बदलून उपयोग नव्हता. प्रश्न उभं राहण्याचा होता, आणि संक्रांतीच्या गर्दीचा. सरांना सांग, ते स्टूल देतील, असं मी तिला चारदा म्हटलं. ती नाहीच म्हणाली. तिने मला तिच्या मुलीची शपथ घातली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी ती काउंटरला धरून वाकली. मी बघितलं. मी माझ्या गिऱ्हाइकाला थांबवलं, पाटी फिरवली आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "सर, संगीताला दिवस गेलेत. तिला बसायला द्या नाहीतर घरी सोडा. माझ्यासारखं व्हायला नको." सर म्हणाले, "बरं केलं सांगितलंत मॅडम."

तिला त्या दिवशी रिक्षाने घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी विचारलं तर सर म्हणाले, "त्यांच्याच भल्यासाठी हाय. बाळंतीण झाल्यावर बघू." तिच्या जागी उमापूरची एक मुलगी घेतलीये.

काल ती गणवेश परत करायला आली. दुकान भरलेलं होतं. ती माझ्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली, रांगेत मधेच, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुजं ऱ्हायलं न्हाई म्हणून माजं तुला बघवलं न्हाई. म्हणून सांगितलंस."

मी म्हटलं, "संगीता, मी तुझ्यासाठी—"

ती म्हणाली, "माज्यासाठी? मला ईचारलंस का?" आणि गेली. तिची तब्येत बरी आहे. पोटातलंही बरं आहे असं तिच्या शेजारणीकडून कळलं. पण घरात मिळवणारं कुणी नाही.

तुला पहिल्या पत्रात लिहिलेली ती मुलगी मला आठवायला हवी होती. दिवस गेले आणि यायची बंद झाली ती. कदाचित केबिनमध्ये जाताना आठवलीही होती. मला नक्की सांगता येत नाही.

आता खरं लिहिते, हे यांनाही सांगितलेलं नाही. सरांना सांगून मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला बरं वाटलं होतं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. ते बरं वाटणं कशाचं होतं, मावशी? तिचं वाचावं म्हणून? की माझं गेलं तर तिचंही सुखासुखी नको म्हणून? मी रोज बिलं करते आणि रोज हेच डोक्यात फिरतं. तू इतक्या बाया पाहिल्यास. मला सांग. गोड नको सांगू.

वैष्णवी

•

पाटोदा
३० जानेवारी २०२५

चि. सौ. वैष्णवीस आशीर्वाद.

गोड सांगणार नाही.

तुला मी माझं पहिलं गेल्याची गोष्ट लिहिली होती. ती अर्धीच लिहिली होती. उरलेली आज लिहिते.

माझं गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या जावेला, साखराबाईला, दिवस गेले. तिने फक्त मला सांगितलं. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. मला म्हणाली, "बाई, तुमचं तसं झालं म्हणून मी कुणाला बोलले न्हाई. तुमी बी बोलू नका." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगितलं. दळणाला गेले तिथे सांगितलं. लग्नघरात सांगितलं. ज्या बाईची नजर वाईट म्हणून गावात बोललं जायचं, तिच्या घरी मुद्दाम ताक मागायला गेले आणि तिला सांगितलं.

तुला बरं वाटलं ते कशाचं, असं विचारतेस. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. माझं मला ठाऊक आहे ते कशाचं होतं. तुझं तसंच होतं असं मी म्हणत नाही, तू तिला वाकलेलं बघून धावलीस, मी तसं काही बघितलं नव्हतं. पण तुझ्यात माझ्यातलं थोडं असेल तर ते नाकारू नकोस. माणसात असतं. मी चाळीस वर्षं नाकारलं.

साखराबाईचं काही झालं नाही. नऊ महिने ठणठणीत राहिली. झाला तो राधाकिशन. तुझ्या लग्नात जो वाढप्यांवर ओरडत फिरत होता, पोट सुटलेला, तोच. एवढ्या सगळ्यांच्या नजरा मी त्याच्यावर सोडल्या होत्या, आणि त्याला साधी सर्दी झाली नाही.

म्हणजे नजर-बिजर काही नसतं हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे, वैष्णवी. मी स्वतः करून बघितलंय. दुसऱ्यांच्या सुनांना मी ते जोरात सांगायची ते काही पुस्तकात वाचून नव्हे.

मग तुला का गप्प बसवलं? तेच मला गेले तीन महिने सापडत नव्हतं. तुझं पत्र आलं आणि सापडलं.

माझं गेलं त्याच्या आदल्या दिवशी मी घरी खोटं सांगून जत्रेला गेले होते. आकाशपाळण्यात बसले. एकदा नाही, तीनदा. खूप हसले होते मी त्या दिवशी. हे कुणालाच माहीत नाही. सासूबाई नजर म्हणाल्या आणि मी ते घट्ट धरलं. कारण नजर नसेल, तर मग ते माझ्यामुळे गेलं. डॉक्टर तुला म्हणाल्या तसं मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं, की पुष्कळ जणींचं असंच जातं. पुढे मी स्वतः शंभर बायांना ते सांगितलं, पण माझ्यावर माझा विश्वास बसला नाही. माझ्या बाबतीत मला नजर हवीच होती. तुझ्या वेळी मी ती परत उभी केली. तू बोलली असतीस आणि तुझं सुखरूप झालं असतं, तर मला परत कळलं असतं की माझं नजरेने गेलं नव्हतं. तुला गप्प बसवताना हे मनात होतं असं मी म्हणणार नाही. पण खाली कुठेतरी होतं. मी माझी आकाशपाळण्याची गोष्ट झाकायला तुझ्या तोंडावर हात ठेवला.

साखराबाईचं गुपित मी का फोडलं ते तुझ्या काकांना ठाऊक नव्हतं, साखराबाईला नाही, राधाकिशनला नाही. तो दर दिवाळीला माझ्या पाया पडतो.

आता तू काय करायचं ते सांगते. ऐकायचं की नाही ते तुझं तू बघ, माझं ऐकून तुझं भलं झालेलं नाही. संगीताकडे जा. मी तुझ्या भल्यासाठी केलं असं म्हणू नकोस. न विचारता सांगितलं, तुझं काम गेलं, ते माझ्यामुळे गेलं, एवढंच म्हण. तिने दार लावलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. मी साखराबाईकडे हे कबूल करायला एकदाही गेले नाही. ती चार वर्षांपूर्वी वारली.

मला उत्तर लिहायची घाई करू नकोस. आधी तिच्याकडे जा. नंतर लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस, मी समजून घेईन.

मावशी